भिंतीवरचे चित्र काढ

आमच्या बांद्याकडे घराला रंग देत नाहीत, रंग काढतात. गणपती गेले, पावसाने जरा पाठ फिरवली, की दिवाळीच्या आत ज्याच्या त्याच्या घराला रंग काढण्याचे काम निघते. यंदा आमच्या रंगाऱ्याच्या हाताखाली एक नवखा तरुण होता. कर्नाटकातून आलेला, मराठी नुकतेच शिकलेला आणि शिकल्याचा थोडासा अभिमानही असलेला. ओटीवरच्या भिंतीवर वडिलांच्या वेळची एक तसबीर आहे, तिच्याकडे बोट दाखवून मी त्याला म्हटले, "भिंतीवरचं चित्र काढ." तो क्षणभर थबकला, हातातल्या ब्रशाकडे त्याने एकवार पाहिले आणि मोठ्या नम्रपणे विचारले, "कसलं काढू?"

मी हसले खरी. पण वर्गात वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईने हसावे असे त्यात काही नव्हते. चूक त्या मुलाची नव्हती, 'काढ' ह्या शब्दाची होती. मुलगी वहीवर चित्र काढते तेव्हा जे नव्हते ते निर्माण होते. रंगारी भिंतीवरचे चित्र काढतो तेव्हा जे होते ते नाहीसे होते. आपण दिवस काढतो, दात काढतो, कर्ज काढतो, भांडण काढतो, सदरा काढतो आणि वाचनालयातून पुस्तकही काढतो. सायंकाळी घरातली वडीलधारी बाई सुनेला सांगते, "दिवा लाव, दार लाव." एकाच श्वासात, एकाच क्रियापदाने, एक गोष्ट सुरू होते आणि दुसरी बंद होते. 'परवा' म्हणजे होऊन गेलेला दिवस की यायचा दिवस, हे पुढचे क्रियापद ऐकेपर्यंत ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि नारळ फुटला तरी आपण तो 'वाढवला' म्हणतो, निघताना 'येते' म्हणतो.

एवढ्या गोंधळात आपण सुखाने नांदतो, कारण ऐकणारे माणूस असते. त्याला शंका आली की ते विचारते, "कसलं काढू?" वाचकहो, हा प्रश्न विचारण्याचे सौजन्य ज्याच्यापाशी नाही अशा एका आज्ञाधारक सेवकाशी गेल्या वर्षी माझी गाठ पडली. त्याची हकीकत सांगावी म्हणून आजचा हा प्रपंच.

झाले असे. गेली चार-पाच वर्षे मी मालवणी बोलीतले शब्द गोळा करते आहे. ह्यात विद्वत्तेचा आव नाही. मुंबई-पुण्याला गेलेली आमची मुले घरी आली की 'खय' आणि 'कित्याक' एवढ्यावर भागवतात. खाडीतल्या माशांची, शेतातल्या अवजारांची, पावसाच्या जातींची नावे त्यांच्या जिभेवरून कधीच उतरली आहेत. म्हटले, आपल्याला ऐकू येतात तोवर टिपून ठेवावीत. वह्या भरल्या. त्या वह्या पाहून भाच्याने कपाळाला हात लावला. हा माझ्या भावाचा मुलगा पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बांद्यात बसून करतो. सकाळी तेरेखोल नदीवरून फेरफटका मारून येतो आणि मग दिवसभर खोलीचे दार लावून (म्हणजे बंद करून) संगणकापुढे बसतो. तो म्हणाला, "आते, वही भिजली, वाळवी लागली, तर काय करतलंस? मी तुका गिट घालून देतंय."

गिट हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते असे. ज्यांच्या घरातली मुले ह्या धंद्यात आहेत त्यांच्या कानांवरून ते गेले असेलच. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारी मंडळी आपल्या लिखाणाचा प्रत्येक टप्पा जपून ठेवण्यासाठी हे साधन वापरतात. लिहिलेले जिथे साठते ते कोठार. एक टप्पा पुरा झाला की कोठारात त्याची नोंद करायची. पुढे चुकले तर मागच्या नोंदीपर्यंत परतता येते. शिवाय मूळ मजकुराला धक्का न लावता बाजूला एक फांदी फोडून तिथे हवे ते प्रयोग करता येतात आणि पसंत पडले तर ती फांदी मूळ खोडात मिसळून टाकता येते. कल्पना किती सुंदर! ज्ञानेश्वरीच्या पोथ्या उतरवून घेणाऱ्यांपाशी असे काही असते तर पाठभेदांच्या संशोधकांची आयुष्ये वाचली असती.

हे साधन लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी एप्रिल २००५ मध्ये तयार केले. लिनक्स ज्यांच्या नावावर आहे तेच हे गृहस्थ. लिनक्सच्या कामाला तोवर बिटकीपर नावाचे दुसरे एक साधन फुकट वापरायला मिळत होते. ती सवलत मालकांनी काढून घेतली (पाहा, पुन्हा 'काढून') तेव्हा ह्यांनी चिडून काही दिवसांत स्वतःचे साधन उभे केले. इंग्लंडच्या बोलीत 'गिट' म्हणजे आडमुठा, नकोसा माणूस. मी माझ्या सगळ्या निर्मितींना माझेच नाव देतो, असा विनोद त्यांनी त्यावर केला होता. त्याच वर्षीच्या जुलैपासून ह्या साधनाची देखभाल जुनिओ हमानो हे पाहू लागले. आज जगातले बहुसंख्य कार्यक्रम-लेखक ते वापरतात आणि त्यातले निम्मे तरी त्याच्या आज्ञांच्या नावांना रोज एकदा शिव्या देतात. ही आकडेवारी अर्थातच माझ्या भाच्याच्या तोंडची आहे, ती शास्त्रीय समजू नये.

भाच्याने माझ्यासाठी विषयवार फांद्या केल्या. शेती, पाऊस, मासळी, भांडीकुंडी. प्रत्येक विषयाचा एक कप्पाही केला आणि त्या कप्प्याला तेच नाव दिले. मासळीच्या फांदीवर मासळीचा कप्पा. मग एका चिठ्ठीवर मला लिहून दिले: काळी खिडकी उघडायची, 'गिट चेकआउट' लिहायचे, पुढे फांदीचे नाव लिहायचे आणि मग कामाला बसायचे. ती चिठ्ठी मी देव्हाऱ्याशेजारच्या पंचांगाला टाचणीने लावून ठेवली. संध्येच्या आचमनासारखा तो विधी होऊन बसला. एकदा काहीतरी चुकले तेव्हा काळ्या खिडकीत अशा अर्थाची अक्षरे उमटली की तुमचे मस्तक धडावेगळे झालेल्या अवस्थेत आहे. मी घाबरून भाच्याला हाक मारली. तो आला, हसला आणि म्हणाला, "तुझा नाय आते, गिटाचा." नरकचतुर्दशी तेव्हा चार महिने लांब होती.

गेल्या वर्षीच्या आषाढात मी थोरल्या आजीकडे बसत होते. ही माझ्या वडिलांची चुलती. माहेर तिचे आरोंद्याचे, तेरेखोलच्या खाडीकाठचे. वय नव्वदीच्या पुढे, कान अधू, पण जीभ तल्लख. मुडदुशे, पेडवे, सौंदाळे, सुंगटां, खुबे, तिसरे ही नावे तुम्हां-आम्हांलाही ठाऊक असतात. आजीच्या पोतडीत त्याच्या पलीकडचे होते. भरतीच्या कुठल्या पाण्याला काय म्हणतात, जाळ्याच्या कुठल्या कोपऱ्याला काय म्हणतात, मासा शिळा होऊ लागला की पहिल्या वासाला काय म्हणतात. वही नेली की आजी गप्प होई. तिला वाटे, बाई परीक्षा घेते आहे. म्हणून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन जात असे. ते तिला रेडिओसारखे काहीतरी वाटे आणि ती मोकळेपणाने बोले. सोमवारच्या आणि मंगळवारच्या संध्याकाळी मिळून मी सत्तेचाळीस शब्द टिपले. यंत्र मी मधल्या काळात बंदच केले नव्हते, त्यामुळे विधीही केला नव्हता. नोंद आठवड्याअखेर भाचा करून देई.

त्याच्या आदल्या रविवारी भाच्याने एक घरगुती सफाई केली होती. मासळीची फांदी त्याने मूळ खोडात मिसळली आणि आता तिचे काम नाही म्हणून तोडून टाकली. मला सांगायचे राहिले. मासळीचा कप्पा अर्थातच जागेवर होता, आणि माझे सत्तेचाळीस शब्द त्या कप्प्यात होते.

बुधवारी दुपारी वीज गेली. आषाढात आमच्याकडे वीज जाते ह्यात सांगण्यासारखे काही नाही. लॅपटॉपची शिदोरीही संपली. संध्याकाळी वीज आल्यावर मी यंत्र चालू केले, काळी खिडकी उघडली आणि श्रद्धेने विधी केला: गिट चेकआउट मासळी. खिडकीत एक ओळ उमटली, एक कप्पा अद्ययावत केला अशा अर्थाची. मला वाटले, किती छान. कप्पा उघडला तर सत्तेचाळीसपैकी एकही शब्द त्यात नव्हता.

भाच्याने ऐकले आणि तो खुर्चीत खाली बसला. "आते, ता सगळा गेला. आता ता परत येवचा नाय."

मग त्याने मला समजावून सांगितले आणि मला माझा तो रंगकामाचा मुलगा (जो मला वर्षभरानंतर भेटायचा होता) आधीच भेटल्यासारखे झाले असावे. चेकआउट ह्या एकाच आज्ञेला दोन अर्थ होते. तिच्यापुढे फांदीचे नाव आले तर ती तुम्हांला त्या फांदीवर नेते. तुमच्या मजकुराला ती जपून असते, तो चिरडला जाणार असेल तर जायला नकार देते. पण तिच्यापुढे कप्प्याचे नाव आले तर ती कोठारातली जुनी प्रत आणून तुमच्या कप्प्यात ओतते आणि तुम्ही नोंद न केलेले सगळे बिनबोभाट पुसून टाकते. मासळी नावाची फांदी तिला सापडली नाही. मासळी नावाचा कप्पा सापडला. तिने शहाण्या नोकरासारखा विचार केला की बाईंना कप्पाच म्हणायचे असणार. मी 'वहीत चित्र काढ' म्हटले होते, तिने भिंतीवरचे चित्र काढले.

त्या रात्री मला झोप आली नाही. आणि पेशाने मास्तरीण असल्यामुळे मी त्या शब्दाची कुळकथा शोधू लागले. दुःखात माणसे काय काय करतात!

तर मूळ शब्द ग्रंथालयातला आहे. १९८२ साली वॉल्टर टिची ह्यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात आरसीएस नावाचे एक साधन तयार केले. त्यात कोठारातला मजकूर ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा काढायचा, म्हणजे चेकआउट करायचा. त्यावर तुमचे कुलूप बसे, तोवर दुसऱ्या कोणी त्यात बदल करायचा नाही. काम झाले की पुस्तक परत जमा करायचे. तिथे हा शब्द किती शोभत होता! पुढे सबव्हर्जनसारखी साधने आली. त्यांत चेकआउट म्हणजे दूरच्या कोठारातून सगळ्या मजकुराची प्रत आपल्या यंत्रावर आणणे. अर्थ थोडा सरकला, पण ग्रंथालयाचे नाते सुटले नव्हते. गिटमध्ये मात्र सबंध ग्रंथालयच तुमच्या घरी येऊन बसते. त्या आणण्याला निराळे नाव आहे. मग बिचारा चेकआउट बेकार झाला आणि घरातल्या बेकार माणसाला जशी सटरफटर कामे सांगतात तशी त्याला सांगितली गेली. फांदी बदलायची? चेकआउट. नवी फांदी फोडायची? चेकआउटला एक शेपूट जोडा. बिघडलेला कप्पा पूर्ववत करायचा? तोही चेकआउट.

ज्यांनी हे केले ते मूर्ख होते असे मात्र म्हणता येत नाही. आतून पाहिले तर ही सगळी कामे एकच आहेत: कोठारातले काढून टेबलावर ठेवायचे. यंत्राच्या पोटात शिरलेल्या माणसाला तिथे एकच नळ दिसतो. गिटच्या मंडळींनी आपल्या आज्ञांची विभागणीही अशीच केली आहे. पोटातल्या आज्ञांना ते नळकाम म्हणतात आणि लोकांनी वापरायच्या आज्ञांना चिनी मातीची भांडी, म्हणजे मोरीत वर दिसतात ती. नळकाम करणाऱ्याने भांड्यांना नावे ठेवली की असे होते. 'ठेवली'चे दोन्ही अर्थ घ्यावेत.

आणखी खोलात गेले तेव्हा कळले की चेकआउट एकटा नाही. नोंदीपूर्वी मजकूर जिथे मांडून ठेवतात त्या जागेला गिटमध्ये तीन नावे आहेत. कुठे इंडेक्स, कुठे कॅशे, कुठे स्टेजिंग. पूर्वी आपल्याकडे मुलीचे पाळण्यातले नाव एक, लाडाचे एक आणि सासरचे एक असे, तसेच. आमच्या आजीला माहेरच्या नावाने पत्र आले तर पोस्टमनला विचार करावा लागत नसे. तो तिला ओळखत होता. नवशिक्याचे तसे नाही. 'रिव्हर्ट'ची तर त्याहून मौज. सबव्हर्जनमध्ये त्याचा अर्थ नोंद न केलेले बदल टाकून देणे; गिटमध्ये जुनी नोंद तशीच ठेवून तिच्या उलट अशी नवी नोंद करणे. एका गावातला माणूस दुसऱ्या गावात गेला आणि सवयीने बोलला की फसला. मी वर्गात ह्याचे उदाहरण देते ते 'झील' ह्या शब्दाचे. पोवाड्यात शाहिरामागे सूर धरतात ती झील. सावंतवाडीकडे झील म्हणजे मुलगा. घाटावरून आलेल्या पाहुण्याला इथल्या आईने कौतुकाने सांगावे, "ह्यो माझो झील," आणि त्याने गाण्याची वाट पाहत बसावे!

मग इतकी वर्षे हे बदलले का नाही? हा प्रश्न मी भाच्याला विचारला. त्याने मला 'मेक' नावाच्या आणखी एका जुन्या साधनाची गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ साली ते लिहिले. त्यात ओळीच्या आरंभी 'टॅब' नावाची कळ दाबून मोकळी जागा सोडावी लागते; साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. ही खोड काढून टाकावी असे त्यांच्या लवकरच लक्षात आले. पण तोवर डझनभर लोक ते साधन वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांची गैरसोय नको म्हणून राहू दिले. त्या डझनभरांच्या भिडेपायी त्यानंतरच्या लाखो लोकांनी ती खोड सोसली. युनिक्सचे कर्ते केन थॉम्प्सन ह्यांना एकदा विचारले होते की पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल. ते म्हणाले, एका आज्ञेच्या स्पेलिंगात गाळलेले शेवटचे 'ई' अक्षर घालीन. ती आज्ञा आजही 'ई'वाचून आहे.

आपण तरी काय निराळे केले? १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी दरबारातली फारसी पदनामे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंते ह्यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. आणि पेशव्याचा झाला मुख्य प्रधान. पुढे बाजीरावांच्या शिक्क्यातही 'मुख्य प्रधान'च आहे. पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत काय राहिले? पेशवे! शंभर वर्षांचा सबंध कालखंड आपण पुसलेल्या नावाने ओळखतो. माझा मुद्दा एवढाच की जुने नाव काढून टाकता येत नाही. फार तर त्याच्या शेजारी नवे ठेवता येते आणि वाट पाहता येते.

नवे नाव म्हणजे चांगले नाव, असेही नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये सरकारी हुद्द्यांचा पदनाम कोश निघाला. आचार्य अत्र्यांनी त्याचे 'बदनाम कोश' असे बारसे केले. मला स्वतःला अत्र्यांचा विनोद आवडतो आणि कोशही आवडतो. त्यातले अभियंता, अधीक्षक हे शब्द आज आपण न अडखळता वापरतो. पण कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहून उप, सह, सहायक, अपर आणि अतिरिक्त ह्या पाच पाट्यांपैकी आपला अर्ज कुठल्या दारात द्यायचा, हे आजही मला शिपायालाच विचारावे लागते. शब्द शुद्ध झाले, काम मात्र शिपायाकडेच राहिले. ह्या बाबतीत रेल्वे मला अधिक प्रामाणिक वाटते. कोकण रेल्वेचे आमचे स्थानक सावंतवाडीत नाही, मळगावात आहे. म्हणून पाटीवर 'सावंतवाडी रोड' असे लिहिले आहे. 'रोड' ह्या एका शब्दात रेल्वेने सांगून टाकले आहे की बाबा रे, गाव इथे नाही, पुढे रस्त्याने जा.

गिटवाल्यांनी शेवटी जे केले ते ह्याच जातीचे आहे. १६ ऑगस्ट २०१९ रोजी गिटची २.२३ क्रमांकाची आवृत्ती निघाली. न्गुयेन थाय न्गोक दुय ह्या व्हिएतनामी कार्यक्रम-लेखकाने केलेल्या दोन नव्या आज्ञा तीत होत्या: 'स्विच' आणि 'रिस्टोर'. स्विच फक्त फांदी बदलते, कप्प्याला शिवत नाही. रिस्टोर फक्त कप्पा पूर्ववत करते, फांदीकडे जात नाही. ते मस्तक धडावेगळे करायचे असेल तर स्विचला तसे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, नकळत होत नाही. चेकआउटला कोणी हाकलले नाही. तोही घरात आहे, जुन्या माणसांची कामे करतो आहे, कारण जगभर कितीतरी यंत्रे त्याच्या नावाने आपोआप हाका मारीत असतात. नव्या दोघींवर बरीच वर्षे 'ह्या प्रायोगिक आहेत' अशी पाटी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या २.५१ आवृत्तीत ती पाटी उतरली. सहा वर्षांची उमेदवारी! आमच्याकडे कंत्राटी प्राध्यापकांचेही असेच असते, पण तो विषय दिवाळीत नको.

मी भाच्याला विचारले, "समज, त्या बुधवारी मी 'गिट स्विच मासळी' लिहिलं असतं, तर?"

"तर तेणी सांगल्यान असता, अशी फांदी नाय म्हणान. आणि गप ऱ्हवला असता."

"आणि ही आज्ञा २०१९पासून आहे?"

"होय."

"मग चिठ्ठीवर तू चेकआउट कशाला लिहिलंस?"

त्याने आपल्या दहा बोटांकडे पाहिले. "आते, ह्येंका सवय झाली."

त्याला मी काय बोलणार? परीक्षेच्या पर्यवेक्षणाला मी अजून 'सुपरव्हिजन' म्हणते. आणि दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणू? फांदी तोडल्याचे त्याने सांगितले नाही, सत्तेचाळीस शब्द दोन दिवस नोंदीवाचून मी ठेवले. आम्ही दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली आणि त्याने पंचांगावरची चिठ्ठी उतरवून दुसरी लावली. तीत चार ओळी आहेत. चेकआउट नाही. आणि रोज उठताना नोंद करण्याची ओळ लाल शाईने लिहिलेली आहे.

शुक्रवारी मी पुन्हा थोरल्या आजीकडे गेले. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हटले, आजी, त्या दिवशीचे शब्द पुन्हा सांग. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "परवाच सांगलंय मां तुका! गेले खय ते?" यंत्राने पुसले, असे मी ओरडून तिच्या कानात सांगितले. तिने लॅपटॉपकडे एक तुच्छ कटाक्ष टाकला. "मगे मशिनीकच इचार."

राग उतरल्यावर ती बोलली. पण शब्द हे माशांसारखेच असतात; परवा ज्या पाण्यात लागले तिथे आज लागतीलच असे नाही. मी नाव विसरले होते म्हणून विचारता येत नव्हते आणि मी विचारले नाही म्हणून तिला आठवत नव्हते. दोन आठवड्यांत एकतीस परत आले. सोळा राहिले. मग तिला ताप आला, बोलणे तुटक होत गेले, आणि आश्विनात, चावदिवसाच्या आठ दिवस आधी, आजी गेली. त्या वर्षी आमच्याकडे तुळशीपुढे कारीट फोडले नाही.

यादी आता अकराशेच्या वर गेली आहे. त्या सोळांपैकी पंधरांचे मला काहीच आठवत नाही. एकाचे अर्धे आठवते. ओहोटी लागल्यावर खाडीच्या वाळूत खळगे राहतात, त्यांत पाणी साठते, त्यात बारीक मासळी अडकते आणि पोरे ती ओंजळीने धरतात. त्या साठलेल्या पाण्याला आजीने एक शब्द सांगितला होता. तीन अक्षरी होता, एवढे नक्की. मी आरोंद्याला जाऊन चौघांना विचारून आले. त्यांनी मला खळगे दाखवले, पाणी दाखवले. शब्द कोणापाशी नव्हता.

यंदा रंगकाम संपल्यावर भाचा आणि मी यादी साफ करायला बसलो. मासळीच्या कप्प्यात एक ओळ आहे. उजवीकडे अर्थ लिहिलेला आहे, डावीकडे मोकळे आहे. भाचा तिथे थांबला, कळीवर बोट ठेवले आणि मग ते बोट उचलून त्याने माझ्याकडे पाहिले.

"आते, ही ओळ काढू काय?"

"ऱ्हवांदे," मी म्हटले.